चिनी मातीचे दात

भिलाईत दोन अनोळखी माणसे भेटली की ती एकमेकांचे नाव विचारण्याआधी गाव विचारतात. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला ‘इथलाच’ असे उत्तर येथे सहसा मिळत नाही. कोणी पालघाटचा निघतो, कोणी विशाखापट्टणमचा, कोणी छपऱ्याचा, कोणी जालंधरचा. आणि आमच्यासारखी वर्धा-अमरावतीकडची मंडळी तर आहेतच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, दुर्गजवळच्या धानाच्या शेतांत आखणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. चार वर्षांत येथे एक गाव वसले, आणि ते सगळेच्या सगळे बाहेरून आलेल्यांचे होते. ज्यांच्या जमिनींवर ते वसले ते छत्तीसगढी शेतकरी या ओळखीपाळखीच्या गर्दीत बहुधा मागेच उभे राहिले. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे बोलावे लागेल. आज मी बोलणार आहे तो एका वेगळ्याच आगंतुकाविषयी. तो दात काढीत असे, दात बसवीत असे, आणि जातीने चिनी होता.

माझे वडील १९५८ साली कारखान्यात नोकरीला लागले. दोनच वर्षांपूर्वी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, वर्धा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे भिलाईला जाणे म्हणजे परमुलखात जाणे असे आमच्या घरी कोणाला वाटले नाही. आई, आम्ही भावंडे आणि आजी असे सारे बिऱ्हाड सेक्टरमधल्या दोन खोल्यांत येऊन दाखल झाले. नव्या गावाच्या आराखड्यात शाळा होती, बाजार होता, इस्पितळ होते. रुंद रस्ते होते आणि त्यांच्या कडेला रोपटी होती. परंतु माणसाच्या तोंडात दात असतात आणि ते रात्री दोन वाजता ठणकू लागतात, याची दखल आराखडा करणाऱ्यांनी पहिल्या दिवसांत फारशी घेतलेली दिसत नव्हती. दात दुखला तर लवंगेचे तेल लावावे, त्यानेही भागले नाही तर गाडीत बसून एखादे मोठे गाव गाठावे, हाच रिवाज होता.

याच दिवसांत पगार झाल्यानंतरच्या रविवारी पॅसेंजर गाडीने एक चिनी गृहस्थ उतरू लागला. त्याचे दुकान याच लोहमार्गावरच्या एका जंक्शनच्या गावी होते. गावाचे आणि माणसाचे नाव मी सांगत नाही, कारण त्याची मुलेनातवंडे आज कोठेतरी आहेत व त्यांना विचारल्यावाचून ते सांगणे मला बरे वाटत नाही. त्याच्या हातात कातड्याची एक काळी पिशवी असे आणि खांद्यावर घडीची खुर्ची. पॉवर हाऊसजवळच्या मजुरांच्या कॅम्पात एका चहाच्या टपरीमागे तो ती खुर्ची उघडी. त्याच्या जंक्शनमधल्या दुकानावर टांगलेली पाटी मी पुढे पाहिली. तिच्यावर लालभडक हिरड्यांची एक प्रचंड कवळी रंगविलेली होती आणि खाली ‘चायनीज डेंटिस्ट’ अशी अक्षरे होती. अशा पाट्या मुंबईत आणि कलकत्त्यात ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ती कवळी आठवेल. वाचता न येणाऱ्यालाही ती दुरून वाचता येई.

चिनी माणूस आणि दंतवैद्य ही जोडी आपल्याकडे कशी जमली, हे मोठेपणी मी शोधू लागलो तेव्हा एक मौजेची हकीकत हाती आली. हिंदुस्थानात पहिला चिनी वसाहतवाला म्हणून ज्याचे नाव घेतात तो आच्यू अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळ आला. वॉरन हेस्टिंग्जकडून त्याने जमीन मिळविली आणि तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाने त्या ठिकाणाला आजही आछीपूर म्हणतात. म्हणजे पहिला चिनी आला तो ‘चीनी’ करायला! नंतर जे आले ते आपापल्या प्रांताप्रमाणे धंदा निवडीत गेले. कँटनकडचे लोक सुतारकामात शिरले, हक्का लोकांनी चामडे कमविण्याचा आणि जोडे शिवण्याचा धंदा धरला, आणि मध्य चीनमधल्या हूपे प्रांताचे लोक दातांकडे वळले. त्यांपैकी पुष्कळांचे मूळ त्या प्रांतातल्या तिएनमेन या एकाच तालुक्यात आहे. हान नदीच्या पुराने वारंवार बुडणारा हा भाग. पिके गेली की तेथील माणसे ढोलकी वाजवीत, कागदाची फुले विकीत देशोधडीला निघत, आणि पायांखालची वाट संपेपर्यंत चालत. कोणी रशियामार्गे युरोपात पोहोचले, कोणी मलायात, कोणी ब्रह्मदेशात आणि कोणी कलकत्त्यात. चहाविषयी जगातला पहिला ग्रंथ लिहिणारा लू यू हाही आठव्या शतकात याच भागात होऊन गेला. परंतु चहाच्या ग्रंथाने पुढच्या लोकांचे पोट भरले नाही.

कागदाच्या फुलांपासून दातांपर्यंत हे लोक कसे आले असतील, याचा विचार करताना मला त्यात विसंगती दिसत नाही. फुलासाठी जे बोट लागते तेच दातासाठी लागते. हलकी वस्तू नाजूकपणे धरणे, बारीक कातरी चालविणे, पाकळीला पाकळी लावणे, हे ज्याच्या हाताला आले त्याच्या हाताला सोन्याच्या पत्र्याची टोपी दातावर चढविणेही येते. शिवाय हा धंदा पिशवीत मावतो. शेतकऱ्याला शेत लागते, दुकानदाराला पेठेत पत लागते, वैद्याला रुग्णाची भाषा लागते. दंतवैद्याला मात्र, श्रोतेहो, फार भाषा लागत नाही. रोग्याने तोंड उघडावे आणि बोट दाखवावे. आणि एकदा त्याने तोंड उघडले म्हणजे तोही काही बोलू शकत नाही! परमुलखात शब्दावाचून अडलेल्या माणसाला याहून सोयीचा उद्योग क्वचितच सापडेल.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. ही जागा रिकामी का होती, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे दातांची विद्या नव्हती असे कोण म्हणेल? सुश्रुताने मुखरोगांचे वर्णन केले आहे आणि त्याच्या शस्त्रांच्या यादीत दंतशंकू आहे. तरीही शतकानुशतके आपले वैद्य नाडी पाहत राहिले आणि दात उपटण्याचे काम न्हाव्याकडे, नाहीतर बाजारात फडक्यावर किडलेल्या दातांचा ढीग मांडून बसणाऱ्या फिरत्या माणसाकडे गेले. मला वाटते, याचे कारण आपल्या ‘उष्टे’ या शब्दात आहे. लाळेचा स्पर्श हा आपण विटाळ मानला. दुसऱ्याच्या तोंडात बोटे घालणे ही प्रतिष्ठित माणसाने करायची गोष्ट नव्हती. आणि खालच्या मानलेल्या माणसाची बोटे आपल्या तोंडात जाऊ देणे वरच्याला पटत नव्हते. अशा रीतीने माणसाचे तोंड ही जागा ओसाड पडली होती. ती घ्यायला जो आला त्याला आपल्या उतरंडीत कोणतीच पायरी नव्हती. तो उच्च नव्हता, नीच नव्हता. तो नुसता चिनी होता. त्याच्या खुर्चीत दुर्गचा मालगुजार बसला, खाणीतला मजूर बसला, आणि अखेरीस माझी आजीही बसली.

आजी सोवळ्यातली होती. मिसरी लावण्याच्या जुन्या सवयीने तिचे दात काळे आणि खिळखिळे झालेले. वरचे जे चारसहा उरले होते ते एका हिवाळ्यात तिने त्या चिनी माणसाकडून काढवून घेतले, कारण दुखणे सोवळ्याहून मोठे झाले होते. हिरड्या भरून येण्यासाठी त्याने तिला तीन महिने थांबविले. मग एका रविवारी तो मऊ केलेले मेण घेऊन आला व ते तिच्या टाळूवर दाबून माप घेतले. आजीने वऱ्हाडीत विचारले, "हाड त नाही ना बापा यात कोनाचं?" ते हिंदीत सांगण्याचे काम वडिलांवर आले. चिनी गृहस्थ हसला आणि म्हणाला, "नहीं माँजी, मिट्टी है. चीनी मिट्टी." आजीचे समाधान झाले. मातीला विटाळ नसतो. वडिलांनी त्या दिवशी केलेला विनोद आमच्या घरात पुढे अनेक वर्षे चालला: चिनी खाऊन दात गेले, चिन्याने ते काढले, आणि चिनी मातीचे बसविले.

ती कवळी कशी बनली हे मी त्याच्या दुकानात वडिलांबरोबर गेलो तेव्हा थोडेसे पाहिले. उरलेले ग्रंथांतून समजून घेतले. तोवर जगात १९३७ पासून ॲक्रिलिकच्या कवळ्या होऊ लागल्या होत्या. परंतु याच्यापाशी वडिलांच्या वेळचा पितळी बॉयलर होता आणि त्याचा विश्वास रबरावर होता. मेणाच्या साच्यात दात रोवायचे, तो साचा पितळेच्या डबीत प्लास्टरमध्ये पुरायचा, उकळत्या पाण्याने मेण वितळवून काढून टाकायचे, आणि त्या पोकळीत गंधक मिसळलेल्या कच्च्या रबराच्या पट्ट्या ठासून भरायच्या. मग डबी स्क्रूने आवळून वाफेच्या दाबाखाली शिजवायची. रबराला हिरडीसारखा तांबूसपणा यावा म्हणून त्यात हिंगूळ घातलेला असे. शिजल्यावर निघते ते रबर शिंगासारखे कठीण. पुढे कानशी, काचकागद आणि शेवटी खडूच्या भुकटीने घासणे. दाताला भोक पाडण्याचे त्याचे यंत्र शिवणयंत्रासारखे पायाने चाले. हे यंत्र अमेरिकेत १८७१ साली निघाले आणि वीज नसलेल्या गावांत ते त्यानंतर कितीतरी वर्षे टिकले. तो एका पायावर उभा राहून दुसऱ्याने पायटा हाणी, आणि त्याच वेळी त्याचा हात मात्र तसूभरही हलत नसे. नऊ वर्षांच्या मला हा सर्कशीतला खेळ वाटला होता.

त्याच्याकडे पदवी नव्हती. ज्या काळात तो हे काम शिकला त्या काळी ती मिळविणे सोपे नव्हते. आपल्या देशातले पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. तेही अमेरिकेत आयोवाला शिकून आलेले होते. महाविद्यालयाला लागणारा पैसा उभा करण्यासाठी त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे दुकान चालविले. म्हणजे एका हाताने गोड पेये विकावीत आणि दुसऱ्याने दंतवैद्य घडवावेत! मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले आणि लाहोरचे १९३४ साली. संबंध देशाला ही मोजकी विद्यालये कशी पुरणार? म्हणून १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला तेव्हा नोंदपुस्तकाचे दोन भाग करण्यात आले. ‘अ’ भागात पदवीधर आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरीत असलेले अनुभवी लोक. पुढे फाळणीने व इतर उत्पातांनी उखडून आलेल्या दंतवैद्यांसाठीही त्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. कायदा सहसा कोरडा असतो. पण ज्याचे घरदार गेले त्याची हातातली कला तरी त्याच्याकडे राहू द्यावी, एवढी माणुसकी या कलमांत आहे.

आता १९६२ सालाकडे वळतो.

त्या वर्षी भिलाईत परदेशी माणूस ही नवलाची गोष्ट नव्हती. रशियन इंजिनियर आणि त्यांच्या बायका बाजारात भाजी घेताना दिसत. आमच्या भाजीवाल्या चारदोन रशियन शब्द बोलत. मुले त्यांच्याकडून बिल्ले मागून घेत. गोरा परका हा आमचा पाहुणा होता, आणि पिवळा परका हा आमचा दात काढणारा होता. दोघांनाही कोणी काही म्हणत नसे. काही वर्षांपूर्वी ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ या घोषणा आमच्या शाळेच्या भिंतीवर होत्या. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. त्या एका महिन्यात त्या घोषणा चुन्याने पुसल्या गेल्या. आपले जवान अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फात लढले, मेले. देशाच्या काळजाला झालेली ती जखम खरी होती. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना तिची खोली कळणे कठीण आहे, आणि मी आज जे सांगत आहे ते त्या जखमेला लहान लेखण्यासाठी सांगत नाही.

परंतु त्या जखमेपायी जे घडले तेही सांगितले पाहिजे. वटहुकूम निघाले. चिनी नागरिकच नव्हेत, तर चिनी वंशाचे हिंदुस्थानी नागरिकही संशयित ठरले. राहते गाव परवानगीवाचून चोवीस तासांहून अधिक काळ सोडण्यास मनाई झाली, पोलीस ठाण्यात हजेरी लागली. बँक ऑफ चायनाच्या मुंबई व कलकत्ता येथील शाखा बंद करण्यात आल्या. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतून सुमारे तीन हजार माणसे, त्यांत तान्ही मुले आणि म्हातारी माणसेही, आठवडाभराच्या आगगाडीच्या प्रवासाने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आली. ही देवळीची छावणी मराठी माणसाला अगदीच अपरिचित नाही. इंग्रजांनी १९४१ साली कॉम्रेड डांग्यांना आणि जयप्रकाश नारायणांना तेथेच डांबले होते. त्या भिंतींत पुन्हा माणसे कोंडली गेली, आणि या वेळी कोंडणारे आपण होतो. १९६३ साली त्यांतली दोन हजारांहून अधिक माणसे जहाजांनी चीनला पाठविण्यात आली. त्यांतल्या कित्येकांनी चीन पूर्वी कधी पाहिलाही नव्हता. उरलेल्यांपैकी शेवटची माणसे १९६७ पर्यंत छावणीत होती.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले होते. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणिसांनी तेथे जखमी चिनी सैनिकांची शुश्रूषा केली, तेथेच लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. त्यांच्या मृत्यूला वीस वर्षे पुरी झाली त्या आठवड्यात देवळीची छावणी भरत होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मनाला जे वाटते त्याला मी नाव देऊ शकत नाही.

आमचा चिनी दंतवैद्य देवळीला गेला नाही. त्याचा भाग सीमेपासून दूर होता. पण तो भिलाईला यायचा थांबला. दिवसभरासाठी येण्यास कायद्याची आडकाठी नसेलही. परंतु पोलादाच्या कारखान्याच्या स्थानकावर चिनी माणसाने काळी पिशवी घेऊन उतरणे म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कॅम्पातल्या टपरीमागची जागा रिकामी राहिली. त्याच्या पाटीवरची ‘चायनीज’ ही अक्षरे कोणीतरी डांबराने फासली असे वडील सांगत आले. ‘डेंटिस्ट’ हा शब्द तेवढा ठेवला होता.

त्या डिसेंबरात भिलाईच्या सेक्टरा-सेक्टरांतून राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सोने गोळा होत होते. आमच्याही दारी मंडळी आली. आजीने पेटीतली एक पाटली काढली. वैधव्यानंतर ती तिने कधी घातली नव्हती, पण मोडलीही नव्हती. ती तिने ताम्हनात ठेवून दिली आणि पावतीही मागितली नाही. पुढे १० जानेवारी १९६३ ला सोने-नियंत्रणाचा हुकूम निघाला, चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली, सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. सोन्याच्या दाताची हौसही त्याबरोबर ओसरली. चिनी माणसाचा अर्धा धंदा असा दिल्लीहून बुडाला, आणि उरलेला अर्धा डांबराने.

चारच दिवसांनी संक्रांत होती. आजीने तिळाचा लाडू खाल्ला आणि वरच्या कवळीचे दोन तुकडे झाले.

वडील म्हणाले, नागपूरला जाऊ, नवी करू. आजी म्हणाली, नवी कायले? ज्यानं केली त्याच्याचकडं जाऊ. वडिलांनी पुष्कळ समजावले. गाडीत लोक बघतील, कारखान्यात कळले तर चौकशी होईल, दिवस बरे नाहीत. शेवटी ते चिडून म्हणाले, "अगं, तूच ना परवा लढाईसाठी पाटली दिलीस? मग?" आजीने त्यांच्याकडे असे पाहिले की प्रश्न विचारणाऱ्याचीच कीव यावी. "पाटली सरकारले देल्ली," ती म्हणाली, "दात त्यानं देल्ले." याउपर तिला काही सांगण्यासारखे राहिले नाही. रविवारी पहाटेच्या गाडीने वडील, आजी आणि मी असे तिघे निघालो. कवळीचे तुकडे तिने हातरुमालात बांधून कनवटीला खोचले होते, आणि दातांवाचून बोलणे शोभत नाही म्हणून सबंध प्रवासभर तोंडाला पदर लावून बसली होती.

दुकान उघडे होते. बाकावर एक पोलीस शिपाई बसलेला पाहून वडील पायरीवरच थबकले. चिनी गृहस्थ लगबगीने बाहेर आला आणि म्हणाला, हे माझ्या हजेरीसाठी आले नाहीत, यांची दाढ सुजली आहे. शिपाई उठून उभा राहिला आणि ओशाळून हसला. आठवड्याला ज्याची हजेरी घ्यायची त्याच्याच पुढे तोंड उघडून बसायची पाळी त्याच्यावर आली होती. आजीला म्हातारी म्हणून त्याने आपला नंबर देऊ केला. आजीने तो घेतला नाही. "याची सूज पहा आधी," म्हणाली.

दुरुस्तीला पाच तास लागले. तुकडे जुळवून, फटीच्या दोन्ही कडा कोरून, नवे रबर भरून पुन्हा बॉयलर पेटवावा लागला. तेवढा वेळ आम्ही बाकावर बसून होतो. तेथे दुसरे गिऱ्हाईक आले नाही. मधेच त्याची बायको आतून आली आणि तिने दुधावाचून केलेला चहा पेल्यांत आणून ठेवला. सोवळ्यातल्या माझ्या आजीने परक्याच्या घरचा तो चहा घेतला की नाही, हे मला आठवत नाही. आठवत असते तर ते येथे सांगण्याचा मोह मला झाला असता. पैसे तो घेईना. तेव्हा आजीने आणलेला लाडवांचा डबा उघडला आणि एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. संक्रांतीला जे म्हणतात ते तिने म्हटले की नाही कोण जाणे. म्हटले असते तरी त्याला मराठी येत नव्हते. त्याने लाडू बोटांत धरून दाबून पाहिला, आणि हिंदीत म्हणाला, "माँजी, यह मत खाना."

दोनतीन वर्षांनी त्याने दुकान आवरले आणि कलकत्त्याला नातेवाइकांकडे गेला. त्याच्यासारख्या पुष्कळांनी पुढे देश सोडला. कलकत्त्यातल्या चिनी वस्तीतील कितीतरी कुटुंबे आज कॅनडात टोरांटोला आहेत. जे येथे राहिले त्यांच्या मुलांनी रीतसर महाविद्यालयांत शिकून पदव्या घेतल्या.

भिलाईत त्याची जागा फार काळ रिकामी राहिली नाही. १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित रायपूरजवळच्या माना छावणीत हजारोंनी उतरले. त्यांतून पांगलेल्या काहींनी छत्तीसगढच्या खेड्याखेड्यांत औषधांच्या पेट्या उघडल्या. ‘बंगाली डॉक्टर’ हा शब्दच येथे रूढ झाला. त्यांत खरे वैद्य किती आणि केवळ धीट किती, हा भाग वेगळा. तेही घरदार सोडून आलेले होते, त्यांनाही भाषा येत नव्हती, आणि त्यांनीही पहिल्यांदा दातच काढले असतील तर मला नवल वाटणार नाही.

आज दुर्ग, भिलाई आणि राजनांदगाव या टापूत दंतवैद्यकाची खाजगी महाविद्यालये आहेत; सबंध देशात त्यांची संख्या तीनशेवर गेली आहे. त्यांतल्या एकात माझी नात शिकते. सकाळपासून तिच्यासमोर येतात ते बहुतेक गुडाखूचे रोगी. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ यांचा काळा लगदा. आपल्याकडे जशी मिसरी तसा तो येथे बोटाने दातांवर घासतात. त्याने दात स्वच्छ होतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात सुटत नाही असे व्यसन लागते, हिरड्या उतरतात, आणि कित्येकांच्या गालात पांढरे चट्टे उठतात. त्यांतून पुढे कर्करोगही होऊ शकतो. आधी बोट दातांवर जाते, मग दिवसातून दहा वेळा जाते. पोरसवदा मुलींनाही हे लागलेले तिने पाहिले आहे. तिच्या पणजीची आई मिसरीने दात घालवून बसली होती हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने ती कवळी पाहायला मागितली.

कवळी घरात आहे. आजी १९७१ साली वारली तेव्हा वडिलांनी ती फेकू दिली नाही. नातीने ती दिव्याखाली धरली, उलटसुलट केली, नखाने वाजवून पाहिली. असे रबर तिने पुस्तकात वाचले होते, हातात कधी घेतले नव्हते. मधल्या जागी दोन तांबूस रंग वेगळे दिसतात, कारण नव्या रबराचा हिंगूळ जुन्याशी जुळला नव्हता. तिने विचारले, आजोबा, ही येथे कशाने मोडली होती?

मी म्हटले, तिळाच्या लाडवाने.